पडवीतला पांढरा खार आणि सासूबाईंचा सडा

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-पत्ता अर्थातच गाळला आहे. मजकूर थोडक्यात असा :

"आम्ही नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला राहतो. तीन वर्षांपूर्वी घर बांधलं. हौसेने पडवीत टेराकोटाच्या फरश्या बसवल्या आणि स्वयंपाकघरात कोटा. पडवीची फरशी आषाढात बसली. वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर होता, म्हणून पंधरा दिवसांतच ॲसिडने धुऊन वर चकचकीत सीलर (फरशीत पाणी मुरू नये म्हणून लावायचा लेप) मारून घेतला. दिवाळीपर्यंत दृष्ट लागेल अशी पडवी दिसत होती. मग पांढरा खार यायला लागला. पुसला की जातो, चार दिवसांनी परत हजर. आता तर सीलरचे पापुद्रे निघतायत आणि न निघालेल्या सीलरच्या खालीही पांढरं धरलंय, ते पुसताही येत नाही. फुलझाडांच्या वाफ्याकडच्या दोन ओळी सगळ्यात वाईट आहेत, पायरीजवळ त्या मानाने बरं आहे. सासूबाई रोज सकाळी पायरीपाशी तांब्या-दोन तांबे पाण्याचा सडा घालून रांगोळी काढतात. त्यावरून आमची बोलाचाली होते. स्वयंपाकघरात ओट्यापुढे कोट्यावर फिकट चट्टे पडलेत, हाताला खरखरीत लागतात. ह्यांचं म्हणणं, सगळं उखडून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवू. पॉलिशवाला म्हणतो, वरून इपॉक्सी मारतो, दहा वर्षं बघायला नको. २०२७ च्या सिंहस्थाला गावाकडची मंडळी आमच्याकडे उतरणार आहेत, त्याआधी हे उरकायचंय. कोणता सीलर घेऊ? आणि सासूबाईंना कसं सांगू?"

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. वाफ्याकडच्या दोन ओळी सगळ्यात वाईट, पायरीजवळ बरं. सासूबाईंचा सडा पडतो पायरीजवळ. म्हणजे रोज पाणी पडतं तिथे खार कमी, आणि ज्या कोपऱ्यात त्या पाण्याचा थेंबही पोचत नाही तिथे जास्त. तुम्ही म्हणाल, पायरीजवळचा खार रोज धुऊन जात असेल. थोडं खरं आहे. पण सीलरच्या खाली धरलेलं पांढरं सड्याने धुऊन जाणार नाही, आणि तेही वाफ्याकडेच जास्त आहे. तेव्हा सासूबाईंवरचा आळ आधी काढून टाकू.

बोअरचं पाणी भरलेल्या जुन्या माठाला बाहेरून पांढरा थर धरतो, तो पाहिलाय ना? माठ पाझरतो, पाणी बाहेरच्या अंगाला येऊन वाफ होऊन जातं आणि पाण्यातले क्षार मागे राहतात. तुमच्या पडवीत हेच चाललंय, फक्त माठ आडवा पसरलाय. टेराकोटा म्हणजे भाजलेली माती, पाणी ओढणारी. खालच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यात क्षार असतात, वाफ्यातल्या मातीत आणि खतात असतात. ओल त्यांना विरघळवून वर आणते, हवा लागली की पाणी उडून जातं आणि खार उरतो. ओल्या फडक्याने पुसलात की तो पुन्हा विरघळून त्याच फरशीत उतरतो. चार दिवसांनी परत येतो तो म्हणूनच.

आता ओल आली कुठून ते बघू. फरशीखालचा मसाला साधारण ५० मिलिमीटर जाड असतो. तो सुकायला ढोबळ हिशेब धरतात १ मिलिमीटरला १ दिवस, तोही उघाड असताना. म्हणजे कोरड्या दिवसांतसुद्धा दीड-पावणेदोन महिने. तुमची फरशी बसली आषाढात आणि पंधराव्या दिवशी तिच्यावर झाकण बसलं. गवंड्यांना मुहूर्त सांगता येतो, मसाल्याला येत नाही. त्यात ॲसिड. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला ते मारतात, पण ते सांध्यातल्या सिमेंटशी जुळून कॅल्शियम क्लोराइड तयार करतं. हा क्षार हवेतली ओल ओढून घेणारा. तो भरपूर पाण्याने धुऊन निघाला नाही तर फरशीत तसाच राहतो, आणि तुमच्याकडे तो सीलरखाली कोंडला गेला.

पण हे सगळं एकदाच घडलं. त्यातली ओल तीन वर्षांत संपायला हवी होती. अजून खार येतोय, म्हणजे पाणी अजून येतंय, आणि तुमच्याच सांगण्यावरून ते वाफ्याकडून येतंय. एक साधी गोष्ट करा. वाफ्यातली माती आणि पडवीची फरशी, दोन्हींची उंची बघा. माती फरशीच्या बरोबरीने किंवा वर असेल आणि वाफ्याची कड थेट पडवीच्या जोत्याला टेकली असेल, तर तुम्ही जास्वंदीला घातलेलं पाणी पडवीच पितेय. माती जोत्यापासून वीतभर मागे घ्या, फरशीच्या पातळीपासूनही वीतभर खाली न्या, मधल्या जागेत खडी भरा आणि पाण्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. पावसाचं पाणी पडवीत साठतं का, तेही एकदा बादली ओतून बघा. दर मीटरला निदान १ सेंटीमीटर उतार हवा. याला गवंड्याचे दोन दिवस लागतील, आणि बाजारातल्या कुठल्याही डब्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

तुम्ही विचारलंत, सीलर कोणता. मला वाटतं, सीलर लावला की फरशीचं भागलं, या समजुतीतूनच हे सगळं सुरू झालं. दुकानात सीलर दोन जातींचे मिळतात. एक जात वर साय धरणारी : ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन, इपॉक्सी. चमक तिचीच. दुसरी जात आत मुरणारी. डब्यावर पेनिट्रेटिंग किंवा इम्प्रेग्नेटिंग असं लिहिलेलं असतं, घटकांत बहुधा सिलेन, सिलॉक्सेन ही नावं दिसतात. ती फरशीच्या छिद्रांच्या भिंतींना आतून लागते, छिद्रं बुजवत नाही. त्यामुळे वरचं पाणी चटकन शिरत नाही आणि खालच्या ओलीला वाफ होऊन बाहेर पडायला वाट राहते. पडवीसारख्या, जमिनीला टेकलेल्या जागी ही दुसरी जातच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. साय धरणाऱ्या सीलरने खालची ओल थांबत नाही. ती सायीखाली जमते, खार तिथेच फुलतो आणि फुलताना साय उचलतो. तुमचे पापुद्रे तेच आहेत.

मुरणाऱ्या सीलरकडूनही भलती अपेक्षा नको. तो फरशीला ताट बनवत नाही. सांडलेलं तेल, चहा पुसायला तुम्हाला थोडी सवड मिळते, इतकंच. आणि लिंबू-ॲसिडपासून तो अजिबात वाचवत नाही. स्वयंपाकघराच्या वेळी हे लागणार आहे, लक्षात ठेवा.

काही वाचक विचारतील, जवसाच्या तेलाचं काय? इटली-स्पेनकडच्या घरांत टेराकोटाला जवसाचं तेल आणि वर मेण लावायची जुनी रीत आहे. आतल्या, कोरड्या खोलीत ती फार सुंदर दिसते, मातीचा रंग उमलतो. उघड्या पडवीत मात्र त्यावर धूळ बसून फरशी काळवंडते. आणि कुणी हे तेल वापरलंच तर त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळ्या हवेत सुटी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पडवीचं काम आता कसं करायचं ते सांगते. घाई नसलेलं बरं, आणि सुदैवाने तुमच्याकडे वेळ आहे. पाऊस संपलाय, पुढे नाशिकची कोरडी थंडी आहे.

वाफ्याचं काम झालं की जुना सीलर काढायचा. तो कोणता हे आधी ओळखा. कोपऱ्यात थिनरचे दोन थेंब टाकून पांढऱ्या फडक्याने चोळा. चिकट झाला तर ॲक्रिलिक आहे, स्ट्रिपरने, म्हणजे जुना सीलर सोडवणाऱ्या द्रवाने निघेल. तसाच राहिला तर बहुधा पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी असेल, त्याला वेगळा स्ट्रिपर लागतो. दुकानात ही चाचणी सांगून मागा. काम करताना हातमोजे घाला, जवळपास निरांजन, उदबत्ती, गॅस काही पेटलेलं नको. आणि कुणी कितीही सांगो, टेराकोटावर घासायचं मशीन मारू देऊ नका. फरशीचं वरचं भाजलेलं कातडं गेलं की आतली माती आणखी पाणी ओढते.

सीलर निघाल्यावर खार उघडा पडेल. तो कोरडाच काढायचा. काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने झाडा आणि लगेच सुपलीत भरून बाहेर टाका. तारेचा ब्रश नको, त्याचे कण अडकून गंजाचे ठिपके पडतात. हट्टी जागांवर एक उपाय जुन्या वास्तूंची डागडुजी करणारे लोक वापरतात. पांढऱ्या टिश्यू पेपरचा आरओच्या पाण्यात लगदा करायचा, फरशीवर बोटाच्या निम्म्या जाडीने थापायचा आणि उघडाच ठेवून पूर्ण सुकू द्यायचा. पाणी फरशीतून लगद्यात येतं, क्षार बरोबर घेऊन. सुकून कडक झालेली पपडी अलगद उचलून फेकायची. दोन-तीनदा करावं लागेल. हा लगदा उचलताना खाली फरशीचा मूळचा विटकरी रंग दिसतो ना, तेव्हा केलेल्या मेहनतीचं चीज झालं असं वाटतं.

मग थांबायचं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी पडवी नुसती उघडी राहू द्या. खार थोडा थोडा येईल, कोरडा झाडत राहा. खालचे क्षार बाहेर पडतायत, पडू द्या. फेब्रुवारीत दोन हात लांब-रुंद प्लॅस्टिकचा जाड कागद वाफ्याकडच्या फरशीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का चिकटवा आणि एक पूर्ण दिवस-रात्र ठेवा. आतून धुकं धरलं किंवा खालची फरशी गडद झाली तर ओल अजून आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. कागद कोरडा निघाला, की सीलरचा दिवस आला.

आधी उरलेल्या एखाद्या फरशीवर लावून रंग किती गडद होतो ते पाहा. मग सकाळी लवकर, फरशीवर ऊन यायच्या आत पडवीला लावा. तापल्या फरशीवर तो मुरण्याआधीच उडून जातो. डब्यावर दिलेल्या वेळेत वर राहिलेला सीलर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. हे विसरलं तर चिकट, पांढुरके डाग राहतात. पुढे परत कधी लावायचा? दहा वर्षं, पाच वर्षं असा आकडा मी सांगणार नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी फरशीवर चमचाभर पाणी टाकून दहा मिनिटं बघा. पाणी थेंबासारखं उभं राहिलं तर काही करू नका. खाली गडद डाग उमटला तर एक हात द्या.

आता स्वयंपाकघर. हे दुखणं पूर्ण वेगळं आहे, पडवीचं औषध इथे चालणार नाही. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड. शहाबादी, तांदूर, कडप्पाही त्याच कुळातले, आणि संगमरवरही चुन्याचाच. या दगडांचं आंबटाशी वैर आहे. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी, ताक, संडास साफ करायचं लिक्विड, यांतलं काहीही पडलं की वरचा थर खाल्ला जातो. तुमचे खरखरीत चट्टे ओट्यापुढेच आहेत, लिंबू पिळायच्या जागी. हे डाग नाहीत. तिथला दगडच थोडा गेलाय, म्हणून कितीही घासलं तरी निघत नाहीत.

मी हे शिकले ते फरशी गमावून. माझं माहेर जुन्या नाशकातल्या वाड्यात. माजघरात शहाबादी होती, आजीच्या काळापासून पाय लागून लागून मेणासारखी गुळगुळीत झालेली. एका दिवाळीला ती काळपट दिसते म्हणून मी दुकानातून ॲसिडची बाटली आणली आणि अर्ध्या माजघरात ओतली. फरशी फसफसायला लागली, पांढरा फेस आला, आणि मला वाटलं किती मळ निघतोय! मळ नव्हता तो, फरशी निघत होती. आई धावत आली आणि तिने बादल्या ओतल्या, तोवर व्हायचं ते झालं होतं. त्या भागावर नंतर कायम धूळ धरायची, आणि बोटाला खडूसारखं लागायचं. मी तिथे गेले की अजून त्या जागेवर पाय देत नाही.

म्हणून कुणाही वाचकाला आपली फरशी कोणती ते ठाऊक नसेल, तर फ्रिजखालच्या किंवा दाराआडच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. फिका ठसा उमटला तर चुन्याचा दगड समजा आणि आंबट सगळं लांब ठेवा. व्हिनेगर आणि खायच्या सोड्याचं मिश्रण फरशीला चांगलं, असे व्हिडिओ फिरतात. दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं खारट पाणी, नाहीतर दगड खाणारं व्हिनेगर. दुसरं त्याहून महत्त्वाचं : संडासचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

तुमच्या चट्ट्यांना वॉटर पेपर, म्हणजे पाणी घालून घासायचा पॉलिश पेपर लावता येईल. ४०० नंबरपासून सुरू करून ६००, ८००, मग १२००, पाणी घालत गोल गोल फिरवा. जागा हातभर असेल तर घरच्या घरी जमतं. जास्त असेल तर पॉलिशवाल्याला बोलवा आणि तेवढ्याच भागाला नव्हे, सगळ्या स्वयंपाकघराला मशीन मारून घ्या, नाहीतर ठिगळ दिसतं. रोजची फरशी पुसायला पीएच ७ लिहिलेलं, म्हणजे आम्लही नाही नि अल्कलीही नाही असं लिक्विड, थोडंसंच. दोन बादल्या ठेवा, एक लिक्विडची, एक साध्या पाण्याची. एकाच काळ्या पाण्यात पोछा बुडवत राहिलं की ते पाणी दगड पितो आणि फरशी दिवसेंदिवस मळकट दिसते. कामाला येणाऱ्या ताईंना बाटली नुसती हातात देऊ नका, एकदा जवळ बसून का ते समजावून सांगा. त्या तुमच्यापेक्षा जास्त वेळ त्या फरशीवर असतात.

देवघरापुढे समईचं तेल सांडून डाग पडला असेल तर मुलतानी माती पाण्यात आणि भांड्यांच्या लिक्विडच्या दोन थेंबांत कालवून लेप द्या, प्लॅस्टिकने झाका, एका दिवसाने उघडून सुकू द्या आणि झाडून टाका. हळद सांडली तर साबण नको. साबणाने हळद लाल होते हे आपल्याला कुंकवावरून ठाऊक आहेच. ओल्या फडक्याने टिपून घ्या, आणि ऊन येत असेल तर उन्हावर सोडा. हळद उन्हाला टिकत नाही.

ह्यांच्या व्हिट्रिफाइडबद्दल. पैसे असतील आणि मनापासून हवं असेल तर जरूर बसवा, त्यात कमीपणा नाही. पण वाफ्याची ओल तशीच ठेवून बसवलंत तर ती सांध्यांतून वर येईल, नाहीतर भिंतीत चढून प्लास्टरचे पोपडे पाडेल. इपॉक्सीला माझा साफ नकार आहे. ओल्या फरशीवर ती फुगते, पडवीतल्या उन्हाने पिवळी पडते, आणि तुमच्याकडे सिंहस्थाची मंडळी उतरणार आहेत. रामकुंडावरून न्हाऊन ओल्या पायांनी, ओली धोतरं-लुगडी सांभाळत येणारी वयस्कर माणसं त्या चकचकीत सायीवर पाय ठेवतील. उघड्या टेराकोटावर पाय घट्ट बसतो. पाहुणे येतील तेव्हा पडवी नवी दिसायला हवी, असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं ती कोरडी आणि न घसरणारी असली की पुरे. विटकरी रंगात दोन-चार छटा कमीजास्त झाल्या तर भट्टीतल्या मातीला ते शोभतं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना काय सांगायचं हे तुम्ही विचारलंत, मी म्हणेन आधी त्यांची माफी मागा. खार त्यांच्यामुळे आला नव्हता, हे वाफ्याजवळ नेऊन दाखवा. त्यांना आवडेल. नवा सीलर लागल्यावर मात्र रोजचं पाणी टेराकोटावर नको, आणि ओल्या फरशीवर रंगीत रांगोळी तर नकोच, तो रंग मातीत उतरतो. सडा अंगणातल्या मातीची धूळ बसवण्यासाठी असायचा, टेराकोटाला त्याची गरज नाही. पण त्यांच्या सकाळीला आहे. तेव्हा पायरीच्या बाहेर, फाटकाच्या वाटेवर काळ्या पाषाणाची दोन-अडीच फुटी फरशी बसवून घ्या. बेसाल्ट घट्ट असतो, लिंबाला दाद देत नाही, रोज भिजला तरी बिघडत नाही. काळाराम मंदिर त्याच काळ्या पाषाणाचं आहे, सासूबाईंना तेवढं सांगितलंत तर पुरेल. काळ्यावर पांढरी रांगोळी उठूनही दिसते. रांगोळी झाडताना आधी मऊ कुंचा, मग पाणी. तिच्या कणांनी कोट्याची पॉलिश ओरखडते, म्हणून ते पायांनी आत येऊ नयेत यासाठी दाराशी पायपुसणं ठेवा.

उरलेल्या फरश्यांचा एखादा गठ्ठा घरात असेलच. त्यातली एक फरशी काढून आजच एका पसरट थाळीत उभी करा आणि तिचा तळ २५ मिलिमीटर बुडेल इतकं आरओचं पाणी घाला. पाणी पूर्ण आटलं की पुन्हा तेवढंच घाला आणि पुन्हा आटू द्या. विटांतला खार तपासायची हीच रीत आपल्या भारतीय मानकात दिली आहे. वरच्या अंगाला पांढरं आलं तर खार फरशीच्या मातीतच आहे आणि तुम्हाला सीलरसाठी फेब्रुवारीऐवजी एप्रिलपर्यंत थांबावं लागेल. नाही आलं तर वाफ्याच्या गवंड्याला या आठवड्यातच बोलवा.